खुर्चीतला मीपणा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी बोलायला एखादी शिकलेली, चार ठिकाणी नाव असलेली बाई बोलवायची अशी आपली रीत आहे. यंदा अध्यक्षीणबाईंनी माझे नाव काढले, तेव्हा मी म्हटले, "अहो बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "शिकलेले नका बोलू. सोसलेले बोला." मी घरी जाऊन विचार करीत बसले, तेव्हा सोसलेल्याबरोबर मी दुसऱ्यांना सोसायला लावलेलेही आठवले. आज दोन्हींबद्दल सांगणार आहे. काही उणे-अधिक बोलून गेले तर पदरात घ्यावे.

माझा विषय असा. कामाच्या ठिकाणी वरच्या जागी बसलेला माणूस स्वतःवरच भाळलेला असला, तर हाताखालच्या माणसांचे आणि खुद्द कामाचे काय होते? आपल्यापैकी काहीजणी म्हणतील, "आमचे कामाचे ठिकाण म्हणजे चूल आणि गोठा. आम्हाला साहेबाशी काय कर्तव्य?" पण भगिनींनो, तसे आता राहिलेले नाही. आपल्या भागातल्या बायका टोमॅटोच्या तोडणीला, द्राक्षाच्या कामाला टोळीने जातात. टोळी आली म्हणजे मुकादम आला. मुली पुण्याला कचेऱ्यांत आणि चाकणला कारखान्यांत आहेत. शिवाय २०११ सालापासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. बचत गट तर गल्लोगल्ली झाले. म्हणजे साहेबाच्या हाताखाली आपण आहोतच, पण खुर्ची आपल्याकडेही यायला लागली आहे. म्हणून हा विषय आपला आहे.

माझी थोरली मुलगी पुण्यात एका कचेरीत नोकरीला लागली. कचेरीचे नाव मी घेत नाही, त्याची गरजही नाही. पहिले दोन महिने तिच्या तोंडात साहेबांचे कौतुक मावत नव्हते. साहेब किती छान बोलतात, किती हुशार, पहिल्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला, म्हणाले, "आपण इथे मोठे काम करून दाखवू." मलाही बरे वाटले. पोरीला चांगला माणूस भेटला म्हणून मी मुक्ताईला नारळ वाढवला.

पुढे हळूहळू तिचे बोलणे कमी झाले. शनिवारी घरी यायची ती हसतखेळत यायची, पण रविवारी दुपार टळली की तिचे डोके दुखायला लागायचे. पुण्याच्या गाडीत बसायच्या वेळेला घास खाली उतरत नसे. मी आधी म्हटले, उन्हाचे असेल. मग दिवाळीत एकदा ती माझ्याजवळ बसून रडली. तिने महिनाभर रात्री जागून तयार केलेला कागद साहेबांनी वरच्या लोकांपुढे स्वतःचा म्हणून मांडला. तिचे नाव काढले नाही. पुढच्या खेपेला एक आकडा चुकला, तो साहेबांनीच सांगितलेला होता, तर भर बैठकीत वीस माणसांसमोर म्हणाले, "खेड्यातून आलेल्यांना घेतले की असे होते." कोणी एक शब्द बोलले नाही. साहेबांच्या बोलण्यात कोणी दुरुस्ती केली, की आठ दिवस त्याच्याशी अबोला आणि नवव्या दिवशी सगळ्यात किचकट काम त्याच्या गळ्यात. जो वाहवा करील तो मात्र जवळचा.

मी संतापले. म्हटले, "असा माणूस एवढ्या वर जाऊन बसतोच कसा? वरच्यांना दिसत नाही का?" तेव्हा मुलीने मला जे वाचून दाखवले आणि समजावून सांगितले, ते माझ्या साध्या भाषेत तुम्हाला सांगते.

ग्रीस देशातल्या लोकांची एक जुनी कथा आहे. नार्सिसस नावाचा एक देखणा तरुण होता. त्याने एकदा तळ्याच्या पाण्यात आपले प्रतिबिंब पाहिले आणि तो स्वतःच्याच रूपावर भाळला. तिथून उठवेना. खाणेपिणे सुटले आणि तिथेच झुरून मेला. त्याच कथेत एको नावाची एक वनदेवता आहे. तिला शाप असा, की तिने स्वतःहून काही बोलायचे नाही, दुसरा बोलेल त्यातले शेवटचे शब्द तेवढे परत म्हणायचे. विहिरीत वाकून हाक मारली की आपलाच आवाज घुमून वर येतो ना, तसे. त्या तरुणावर ती जीव टाकीत होती, पण त्याने तिला झिडकारले. शेवटी ती झिजून झिजून नुसता आवाज उरली.

या तरुणाच्या नावावरून मानसशास्त्राच्या लोकांनी त्या स्वभावाला नाव दिले. आपल्याकडे त्याला सरळ 'मीपणा' म्हणतात. थोडा मीपणा प्रत्येकात असतो, आणि तो असावाही. आपल्याला काही येते असे वाटलेच नाही तर माणूस उभा कसा राहील? पण काहींच्यात तो इतका वाढतो, की सतत वाहवा लागते, दुसऱ्याचे दुःख दिसत नाही, आणि नियम आपल्यासाठी नाहीतच असे वाटते. फारच टोकाला गेले तर तो आजार धरतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली आपल्या आजारांच्या ग्रंथात त्याची नोंद केली. पण तो आजार ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. कोणी रागावून बोलला की लगेच त्याला आजारी ठरवायचे, असे आपण करू नये. आपण वागणूक पाहावी.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर. असा माणूस वर जातो कसा? २०१५ साली संशोधकांनी या विषयावर आधी झालेले पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात असे दिसले, की मीपणा जास्त असलेली माणसे पुढारी म्हणून पटकन निवडली जातात. ती मोकळेपणी बोलतात, मोठ्या आवाजात बोलतात, अडखळत नाहीत. पाहणाऱ्याला वाटते, याला सगळे येते. पण निवडून आल्यावर ती काम जास्त चांगले करतात असे काही आढळले नाही. फार मीपणा असलेला कामाला बरा नव्हे, आणि अगदीच नसलेलाही नव्हे. मध्यम असलेला बरा.

म्हणजे बाजारात जसे होते तसे. वरच्या थरातले लालबुंद टोमॅटो पाहून गिऱ्हाईक क्रेट उचलते, खालचा थर घरी गेल्यावर दिसतो. आपण माणूस निवडतानाही वरचा थरच पाहतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपल्या आज्यांना माहीत होते. आपण ते नुसते म्हणतो, आणि मत मात्र खळखळाटालाच देतो.

दुसरा एक प्रयोग हॉलंड देशात ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी केला, तो २०११ साली छापून आला. तिघातिघांचे गट केले, आणि एका कामासाठी योग्य उमेदवार निवडा म्हणून सांगितले. मात्र सगळी माहिती कोणा एकाला दिली नाही. थोडी याला, थोडी त्याला. तिघांनी आपापली माहिती सांगितली तरच योग्य माणूस सापडणार. प्रत्येक गटात एकाला चिठ्ठी टाकावी तसे प्रमुख केले. ज्या गटाचा प्रमुख मीपणा करणारा निघाला, त्या गटातल्या लोकांनी त्याला चांगला प्रमुख म्हणून वाखाणले. पण त्या गटात बोलणे, विचारणे कमी झाले, एकमेकांजवळची माहिती बाहेर आली नाही, आणि निवड जास्त चुकली. भगिनींनो, हे मला फार लागले. नुकसान होत होते, आणि नुकसान सोसणारेच "किती चांगला प्रमुख" म्हणत होते.

खुर्ची मिळाल्यावर चांगला माणूसही कसा बिघडतो, हे आपण महाभारतात ऐकले आहे. इंद्र दडून बसला तेव्हा देवांनी नहुष राजाला स्वर्गाचे राज्य दिले. का दिले? तो पुण्यवान होता म्हणून दिले. पण सिंहासनावर बसल्यावर त्याला वाटू लागले, की इंद्राचे ते सगळे आपले, इंद्राची राणीसुद्धा. पालखी वाहायला त्याने ऋषींना जुंपले. पालखी हळू चालते म्हणून त्याने अगस्तींना पाय लावला आणि "सर्प, सर्प" म्हणजे चला लवकर असे दरडावले. अगस्तींनी शाप दिला, "तूच सर्प हो." पालखीत बसलेल्याला खांदा दुखत नाही, म्हणून खांदा कोणाचा आहे तेही तो विसरतो.

ही पुराणातली गोष्ट झाली. आता आपल्या पुण्यातली इतिहासातली सांगते. पेशवाईत नाना फडणविसांच्या वेळी, १७७७ साली घाशीराम पुण्याचा कोतवाल झाला. विजय तेंडुलकरांनी त्याच्यावर १९७२ साली नाटक आणले, त्यामुळे नाव पुष्कळांना ठाऊक आहे. मी त्याच्या मनात शिरत नाही, कारभार तेवढा सांगते. नानांची त्याच्यावर मर्जी होती, आणि शहरातले लोक मात्र कोतवालीच्या नावाने कापत. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या माणसांनी तेलंगणातून आलेल्या ब्राह्मणांना पकडून एका लहान खोलीत कोंडले. वारा यायला जागा नव्हती. त्यातले वीसाहून अधिक जण गुदमरून मेले. मग लोक खवळले, नानांच्या दारी जमा झाले, आणि शेवटी घाशीरामाला लोकांच्या हवाली करण्यात आले. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. त्यालाही न्याय म्हणता येणार नाही. पण माझ्या मनात येते, चौदा वर्षे तो त्या जागेवर होता. वर गोड आणि खाली कडू असा माणूस वरच्याला गोडच दिसणार. खालची तक्रार वर पोचायला आधी माणसे मरावी लागली.

याच्या उलट एक गोष्ट, आणि ती सांगताना मान ताठ होते, कारण तो राजा आपल्या जुन्नरच्या शिवनेरीवर १६३० साली जन्मला. १६७३ च्या मे महिन्यात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या बाजूला छावणीत असलेल्या आपल्याच जुमलेदार-हवालदारांना पत्र लिहिले. त्यातला आशय असा, की दाणागोटा, गवत आत्ताच उधळू नका, नाहीतर पावसाळ्यात उपास पडतील. मग तुमची माणसे कुणब्यांच्या घरातून कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी लाकूड, कोणी भाजी उचलतील, आणि लोक म्हणतील की यापेक्षा मोगल बरे. एवढे राज्य कमावलेला राजा, पण तो विचार कोणाच्या बाजूने करतो आहे? चुलीशी बसलेल्या कुणबिणीच्या बाजूने. माझा दरारा किती, माझे नाव किती, हे त्या पत्रात नाही. अधिकार हातात असूनही नजर खाली ठेवता येते, याला याहून मोठा दाखला कोणता?

आता मी माझ्याविषयी सांगते. मघाशी म्हणाले ना, की दुसऱ्यांना सोसायला लावलेलेही आठवले.

मुलगी रडत होती, मी त्या साहेबाला नावे ठेवीत होते. पोर जरा थांबली, डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "आई, रागावू नकोस. आपल्या मंडळाच्या चकल्या आठवतात का गं?"

मायबहिणींनो, तुमच्यातल्या पुष्कळजणींना आठवत असतील. मंडळाच्या दिवाळी फराळाच्या कामाची मी प्रमुख होते. पहिल्या वर्षी फराळ उत्तम झाला. सत्कारात मला शाल मिळाली, मी भाषण केले, आणि त्या भाषणात "मी" हा शब्द किती वेळा आला असेल देव जाणे. भाजणी भाजणारीचे नाव घेतले नाही, रात्री दोनपर्यंत कढईपुढे बसलेलीचेही घेतले नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या डोक्यात शालच होती. भाजणीत मोहन किती घालायचे ते मी ठरवले. एक भगिनी, वयाने माझ्याहून लहान, नव्याने आलेली, हळूच म्हणाली, "ताई, मोहन जास्त वाटतंय. एक चकली तळून बघू या का?" मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तू कालची आलीस. मला चकली शिकवतेस?" ती गप्प झाली. ती गप्प झाली म्हणून बाकीच्याही गप्प झाल्या. चकल्या तेलात पडल्या आणि विरल्या. पंधरा किलो भाजणी वाया गेली. आणि मी काय सांगितले? तळणाऱ्यांनी तेल नीट तापू दिले नाही, असे सांगितले.

पुढच्या दिवाळीला कामाला निम्म्याच बायका आल्या. मला वाटले, माझे नाव झाले ते यांना बघवत नाही. एका वडीलधाऱ्या काकूंनी मला दारात थांबवून सांगितले होते, "बाई, कढईपाशी शाल घेऊन बसू नये, पेट घेते." मी त्या वेळी हसून नेले. माझ्या पोरीने त्या दिवशी आठवण करून दिली तेव्हा मला ते कळले. ती त्या वेळी बारावीत होती, भाजणीची परात धरून तिथेच उभी होती. तिने आपल्या आईचे ते रूप पाहिले होते, आणि पुढे पुण्यात तेच रूप तिला साहेबाच्या अंगात भेटले.

ती तळणारी भगिनी आणि ती मोहन जास्त झाले म्हणणारी भगिनी, दोघीही आज इथे बसल्या आहेत. त्यांची नावे घेऊन त्यांना अवघडवत नाही. पण मंडळासमोर खोटे बोलले, तर खरेही मंडळासमोरच बोलले पाहिजे. बायांनो, तेल बरोबर तापले होते. मोहन मी जास्त घातले होते. मला क्षमा करा.

माझ्या मुलीचे पुढे काय झाले, हे विचाराल. तिने तारीख-वार घालून सगळे एका वहीत लिहून ठेवायला सुरवात केली. कोणते काम कोणी केले, कोण काय बोलले. दोघी मैत्रिणींना बरोबर घेऊन वरच्या अधिकाऱ्यांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतले, पण फारसे काही केले नाही. सहा महिन्यांनी तिने दुसरी नोकरी पाहिली. आता ती रविवारी पोटभर जेवून जाते. त्या साहेबांना बढती मिळाली, असे ऐकते. सगळ्या गोष्टींचा शेवट पोथीतल्यासारखा होत नाही.

इथे एक गोष्ट मुलीबाळींनी ध्यानात ठेवावी. वरच्याची वागणूक बाईपणाला हात घालणारी असेल, अश्लील बोलणे, नको ती जवळीक, तर त्यासाठी २०१३ सालचा कायदा आहे. जिथे दहा किंवा अधिक माणसे कामाला आहेत, तिथे तक्रारीसाठी समिती असावीच लागते. जिथे दहा माणसे नाहीत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती. शेतावर मजुरीला जाणारी आणि घरकाम करणारी बाईसुद्धा त्यात येते. तक्रार लेखी आणि साधारण तीन महिन्यांच्या आत करावी. नुसता अपमान, श्रेय चोरणे, घालूनपाडून बोलणे यासाठी मात्र आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. तिथे वहीत लिहून ठेवणे, सोबत धरणे आणि वेळीच घरी सांगणे, हेच हाती आहे. आणि आपण आयांनी "सगळीकडे असंच असतं, सोस" असे म्हणून पोरीला परत गाडीत बसवू नये. मी दोन महिने तेच केले होते.

शेवटी आपल्या मंडळासाठी माझ्या चार सूचना आहेत. पटल्या तर घ्याव्यात.

पहिली, कोणत्याही कामाची प्रमुख दोन वर्षांनी बदलावी, ती कितीही चांगली असली तरी. खुर्ची एकाच अंगाला चिकटली की ती खुर्ची आहे हेच विसरायला होते.

दुसरी, काम संपल्यावर हिशेब सगळ्यांपुढे वाचावा, आणि हिशेबाबरोबर नावेही वाचावी. भाजणी कोणाची, तळण कोणाचे, भांडी कोणी घासली. नाव घ्यायला पैसे पडत नाहीत.

तिसरी, बैठकीत सगळ्यात नवीन आणि सगळ्यात लहान जी असेल, तिने आधी बोलावे, आणि प्रमुखाने शेवटी. प्रमुख आधी बोलली की बाकीच्या एको होतात. प्रत्येकीजवळ माहितीचा एकेक दाणा असतो, तो परातीत पडला पाहिजे.

चौथी, प्रमुख निवडताना कोण छान बोलते ते पाहू नये. हिच्याबरोबर काम केलेल्या बायका पुन्हा हिच्याबरोबर कामाला येतात का, ते पाहावे. ही एकच परीक्षा मला खरी वाटते, आणि तिच्यात मी एकदा नापास झालेली आहे.

यंदाच्या दिवाळीला फराळाचे काम परत सुरू करायचे म्हणतात. मी येणार आहे, पण प्रमुख म्हणून नव्हे. मला कढईपुढे बसवा. आणि मोहन किती घालायचे, ते मघाशी जिच्याविषयी सांगितले तिला विचारा.